मदत हवी आहे: दहावीच्या पेपरची भीती आणि प्रार्थना

नमस्कार, आम्ही मिरजेत राहतो, मुलगी दहावीला, स्टेट बोर्ड. अभ्यास झालाय, सराव पेपरही वेळ लावून सोडवते, गणित भाग 2 म्हणजे भूमितीचा 40 मार्कांचा पेपर घरी दोन तासांच्या आत होतो. पण शाळेच्या पूर्वपरीक्षेत हात गार पडले, पहिली दहा मिनिटं पेन उचललंच नाही.

रात्री आम्ही एकत्र प्रार्थना करतो, बायबलमधलं स्तोत्र 23 तिला तोंडपाठ आहे, चर्चच्या पाळकसाहेबांनीही घरी येऊन प्रार्थना केली. डॉक्टरांना दाखवलं, तब्येत ठीक आहे, झोपही सात तास होते. चर्चच्या मंडळीत सगळ्यांसमोर तिच्यासाठी प्रार्थना नको असं ती म्हणते आणि ते मला पटतं.

खरी अडचण वेगळीच आहे. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात 4:6 मध्ये चिंता करू नका असं आहे ना, ते वाचून तिला वाटतं की मला भीती वाटते म्हणजे माझा विश्वासच कमी आहे, आणि त्यानं ताण अजून वाढतो. मी तिला गेथशेमाने बागेचं सांगितलं, प्रभू येशूसुद्धा तिथं व्याकूळ झाला होता, लूक 22:44 मध्ये त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडला असं आहे. ऐकून रडली, जरा मोकळी झाली, पण दुसऱ्या दिवशी परत तेच.

मार्क जास्त पडावेत म्हणून विचारत नाहीये. ज्यांच्या मुलांनी किंवा स्वतः यातून काढलंय त्यांनी सांगा, हॉलमध्ये बसल्यावर पेपर हातात पडेपर्यंत मनातल्या मनात करता येईल अशी छोटी प्रार्थना किंवा एखादं वचन कोणतं, आणि "विश्वास कमी आहे" हे तिच्या मनातनं कसं काढलंत?