मदत हवी आहे: हेला पेशींच्या टू-डी जेलवर आडवं स्ट्रीकिंग, स्पॉट सुटेनात

हेला पेशींच्या (मानवी कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) प्रथिनांचा स्पॉटवार कॅटलॉग करायचा आहे. टू-डी जेल म्हणजे प्रथिनं आधी पीएचच्या पट्टीत प्रभारानुसार आडवी, मग वजनानुसार उभी वेगळी करणं. पट्टी 18 सें.मी., पीएच 3 ते 10, नॉन-लिनिअर. पेशी पीबीएसने (खारट फॉस्फेट बफर) तीनदा धुतल्या. लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण): 7 मोलर युरिया, 2 मोलर थायोयुरिया, 4 टक्के चॅप्स (डिटर्जंट), 65 मिलिमोलर डीटीटी (सल्फरचे बंध तोडणारं). लायसेट शेंबडासारखा चिकट झाला म्हणून 60 अंशांवर दहा मिनिटं ठेवला. पट्टीला 350 मायक्रोलिटरमध्ये 150 मायक्रोग्रॅम, रात्रभर भिजवून. पट्टीमागे 50 मायक्रोॲम्पिअरची मर्यादा आहे. व्होल्टेज 3000 च्या पुढे सरकतच नाही, 8000 हवं होतं. पीएच 7 च्या पुढे नुसते आडवे ओघळ. ॲक्टिन हे प्रथिन दिसतं, पण त्याच्या आम्ल बाजूला सारख्या अंतरावर फिकट स्पॉटची माळ. कुठून सुरुवात करू?

उत्तर १
दुखणी तीन आहेत, वेगवेगळी.

माळ 60 अंशांमुळे. युरिया तापला की सायनेट तयार होतं आणि ते प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतं. एक धन प्रभार गेला की स्पॉट एक घर आम्ल बाजूला सरकतो. वजन जेमतेम 43 डाल्टननं वाढतं, म्हणून माळ अगदी आडवी. युरिया असलेलं काहीही 37 च्या वर नेऊ नका. चिकटपणा डीएनएचा असतो. पाच-पाच सेकंद सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी डीएनए तोडा), मधे बर्फात ठेवा, पण सेंट्रिफ्यूज 20 अंशांवरच फिरवा. 4 अंशांवर युरियाचे खडे होतात.

व्होल्टेज अडतंय ते मिठामुळे. पीबीएसमध्ये दीडशे मिलिमोलरच्या आसपास मीठ असतं आणि पेशींच्या गोळ्याभोवती थोडं उरतंच. शेवटचं धुणं 10 मिलिमोलर ट्रिस आणि 250 मिलिमोलर सुक्रोजनं करा, वरचं पाणी नीट ओढून घ्या. इलेक्ट्रोडखाली ओलसर कागद ठेवा, सुरुवातीचे काही तास 150 ते 200 व्होल्टवरच चालवा, मग कागद बदलून व्होल्टेज चढवा. तो जुना कागद म्हणजे निम्मं मीठ, फेकाच.

आम्लारी बाजूचे ओघळ डीटीटीचे. जास्त पीएचला त्याच्यावर ऋण प्रभार येतो आणि ते ॲनोडकडे (धन टोकाकडे) निघून जातं. मागे राहिलेल्या प्रथिनांचे सल्फर पुन्हा एकमेकांत अडकतात. भिजवण्याच्या द्रावणात डीटीटीऐवजी 100 मिलिमोलर हायड्रॉक्सीइथिल डायसल्फाइड घाला आणि नमुना ॲनोडकडच्या कपातून द्या.

प्रश्नकर्ता
धुणं बदललं, गरम करणं बंद केलं. 8000 गाठलं, माळही गेली. पण व्हायमेंटिन या प्रथिनाच्या खाली डावीकडे उतरत जाणारा स्पॉटचा जिना अजून आहे. आणि प्रथिन बीसीएनं (तांब्यावर चालणारी रंगचाचणी) मोजतोय, चालेल ना?

उत्तर २
बीसीए नको. थायोयुरिया तांब्याला क्षपित करतं, आकडा फुगतो. म्हणजे तुमचे 150 खरे 150 नसतीलच. ब्रॅडफर्ड (रंगद्रव्यावर चालणारी चाचणी) करा, पण तुलनेसाठीची बीएसए या प्रथिनाची स्टँडर्डही त्याच बफरमध्ये, तितकीच पातळ करून.

जिना म्हणजे व्हायमेंटिन तुटतंय. कॅल्शियमवर चालणारं, प्रथिनं तोडणारं कॅल्पेन बहुधा दोषी. धुण्याच्या बफरमध्ये 1 मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं) आणि प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमना रोखणारं) घाला. पेशी ट्रिप्सिन या एन्झाइमनं न सोडवता बर्फावर खरवडा.

कॅटलॉगसाठी एक सांगतो: प्रत्येक माळ चूक समजू नका. एचएसपी27, स्टॅथमिन या प्रथिनांचे दोन-तीन स्पॉट फॉस्फेटमुळे खरेच असतात. शंका आली तर नमुन्याला फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारं एन्झाइम) लावून पुन्हा चालवा. आम्ल बाजूचे स्पॉट गायब झाले तर फॉस्फेट. वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या तीन कल्चरमध्ये दिसला तरच स्पॉटला क्रमांक द्या. जेल जुळवायला खुणा ठेवा: ॲक्टिन (42 किलोडाल्टन, पीआय म्हणजे एकूण प्रभार शून्य होतो तो पीएच 5.3), व्हायमेंटिन (54, 5.1), आम्लारी टोकाला जीएपीडीएच (36, 8.6). डेन्मार्कमधल्या आऱ्हूसच्या गटानं 1980 च्या दशकात हेलाचा कॅटलॉग केला, तेव्हा आम्लारी प्रथिनांसाठी नेफगे नावाची वेगळी पद्धत वापरली होती. एकाच पट्टीत दोन्ही टोकं बसवायचा हट्ट नको.

स्पॉट कापून मास स्पेकला (प्रथिन ओळखायच्या यंत्राला) द्यायचे असतील तर सिल्व्हर स्टेनमधून (स्पॉट दाखवणाऱ्या चांदीच्या रंगातून) ग्लुटराल्डिहाइड आत्ताच काढा. नाहीतर प्रथिन जेलमध्ये घट्ट बांधलं जातं, ट्रिप्सिन पोचत नाही आणि हाती येतं ते तुमच्या बोटांचं केराटिन.