कोयना-कृष्णेत हलक्या गळासाठी छोटं रीळ: १००० घ्यावं की २५००?

काठावरचा

कराडच्या वरच्या अंगाला कोयनेत आणि प्रीतिसंगमाच्या खाली कृष्णेत काठावरून गळ टाकायचा आहे. मासे म्हणजे चिलापी, शिंगटी, कधी मरळ. बहुतेक किलोच्या आतले. रॉड घेऊन झाला आहे: ६ फुटी अल्ट्रालाइट, त्यावर २ ते ८ ग्रॅम (फेकायच्या आमिषाचं वजन) असं छापलंय. आता रीळ घ्यायचंय, बजेट अडीच हजारांपर्यंत. दुकानदार २५०० साइजचं, १३ बेअरिंगचं रीळ दाखवतोय आणि म्हणतोय, "हे सगळ्याला चालतं." बरोबर आहे का? आणि तंगूस (एकेरी नायलॉनचा दोरा) भरू की ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोरा?

डोहकर

सगळ्याला चालणारं रीळ या रॉडला चालणार नाही. ६ फुटी अल्ट्रालाइट रॉड जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. त्याखाली पावणेतीनशे-तीनशे ग्रॅमचं रीळ लावलं की सगळा भार मुठीमागे जातो, टोक वर उचलतं आणि तासाभरात मनगट भरून येतं. १८० ते २२० ग्रॅमच्या दरम्यानचं रीळ बघा. म्हणजे १००० किंवा २००० साइज. लावून झाल्यावर रॉड रिळाच्या पायाच्या जरा पुढे एका बोटावर तोलून बघा, आडवा राहिला तर जोडी जमली.

साइजचा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो, हे ध्यानात ठेवा. दाइवाची जुनी २५०० शिमानोच्या २५०० पेक्षा मोठी असायची. दाइवाच्या 'एलटी' मालिकेपासून दोघांचे आकडे बरेचसे जुळतात. शिमानोच्या आकड्याआधी 'सी' असेल, जसं सी२०००, तर १००० च्या अंगावर २००० चा स्पूल (दोरा गुंडाळला जातो ती फिरकी) बसवलेला असतो. शेवटी 'एस' असेल तर स्पूल उथळ. तुमच्या कामाला सी२०००एस ही मांडणी उत्तम, पण या बजेटमध्ये मिळेलच असं नाही. साधं १००० सुद्धा पुरतं.

१३ बेअरिंग हा आकडा विसरा. स्वस्त रिळात ती संख्या वाढवायला हँडलच्या मुठीतही बेअरिंग घालतात. खरी गरज तीन ठिकाणी असते: मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंना, पिनिअनला (त्यात गुंतणाऱ्या छोट्या गिअरला) आणि दोरा जिथून वळतो त्या रोलरला. ४+१, म्हणजे चार बॉल बेअरिंग आणि हँडल उलटं फिरू न देणारं एक एकदिशा बेअरिंग असलं आणि ती योग्य जागी असली तर तेरावालं त्याच्यापुढे फिकं पडतं.

गिअर ५:१ च्या आसपास ठेवा, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला दोऱ्याचे पाच वेढे. स्पूलचा व्यास ४२ मिमी धरला तर एका वेढ्याला १३ सेंमी आणि हँडलच्या एका फेऱ्याला साधारण ६६ सेंमी दोरा येतो. फ्लोटला आणि छोट्या स्पिनरला (फिरत्या पात्याच्या आमिषाला) हा वेग नेमका आहे. प्रवाहाच्या वर फेकून खाली ओढायचं असेल तर मात्र ६:१ बरं, कारण पाणीच आमिष तुमच्याकडे आणतं आणि दोरा सैल पडतो.

मळीचा गळ

वजनाबद्दल एकदम मान्य. पण तंगूसच भरणार असाल तर १००० घेण्याआधी जरा थांबा. स्पूल जितका बारीक, तितकी तंगूसाला वेटोळ्यांची सवय लागते. ०.२० मिमीपर्यंत ठीक चालतं. ०.२५ मिमीचा तंगूस १००० च्या स्पूलवर महिनाभर राहिला की स्प्रिंगसारखा उडत बाहेर पडतो, पहिल्या कडीवर आपटतो, आणि ३ ग्रॅमचा स्पिनर १५ मीटरच्या पुढे जाता जात नाही. जाड तंगूस वापरायचा असेल तर २००० घ्या. वजन वीस-पंचवीस ग्रॅमच वाढतं.

ब्रेडेडला ही अडचण नाही, पण कोयनेत तळाला काळा कातळ आहे. ताणलेला ब्रेडेड दगडाच्या कडेला लागला की क्षणात तुटतो, तंगूस थोडा तरी घासून घेतो. म्हणून ब्रेडेड भरला तर पुढे ०.२२-०.२५ मिमीचा मीटरभर तंगूस जोडायलाच हवा. डबल युनी गाठ पुरते, दोन्ही बाजू ओल्या करून आवळा. सुरुवात करणाऱ्याला मी ०.२० मिमीचा तंगूसच सांगेन. तो ताणतो, त्यामुळे चिलापीचं नाजूक तोंड फाटत नाही.

काठावरचा

म्हणजे १०००, ०.२० चा तंगूस. दुकानात रीळ हातात घेतल्यावर नेमकं काय तपासायचं? आणि ड्रॅग ५ किलोचा हवा की जास्त?

रीळजोड

ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की दोरा सुटू देणारा ब्रेक; ५ किलो ड्रॅगचं तुम्हाला काहीच काम नाही. ०.२० मिमीचा तंगूस अडीच-तीन किलोला तुटतो, गाठीत त्याहून आधी. ड्रॅग लावायचा तो तुटण्याच्या पाव भागावर, म्हणजे ७०० ग्रॅमच्या आसपास. घरातला लटकवायचा वजनकाटा घ्या, दोरा त्याला बांधा, रॉड काट्याच्या दिशेने सरळ धरा आणि ओढा. ७०० वर दोरा सुटायला लागेल असं बटण फिरवा. वाकलेल्या रॉडच्या कड्यांत घर्षण वाढतं, त्यामुळे प्रत्यक्षात ओढ याहून जास्तच बसते.

महत्त्वाची गोष्ट आहे ती ड्रॅगची पहिली हलचल. दुकानात दोरा नसेल तर स्पूल हाताने फिरवा: ड्रॅग मध्यम आवळा आणि अगदी हळू जोर वाढवत न्या. स्पूल अलगद सुटला पाहिजे. आधी अडकून मग झटक्याने सुटत असेल तर ते रीळ परत ठेवा. बारीक तंगूस तुटतो तो त्या पहिल्या झटक्यालाच, मासा मोठा असतो म्हणून नव्हे. बटणाला एका फेऱ्यात बरेच बारीक टप्पे असावेत; अर्ध्या फेऱ्यात सैलचं घट्ट होत असेल तर ७०० ग्रॅम साधणं अवघड.

मग रोलर बघा. बेलच्या, म्हणजे दोरा स्पूलवर वळवणाऱ्या उघडझाप तारेच्या टोकाशी असतो तो. त्यावरून दोऱ्याचा तुकडा काटकोनात घेऊन थोड्या ताणाने ओढा. रोलर फिरलाच पाहिजे. न फिरणारा रोलर दोरा घासतोही आणि पिळतोही. नखाने चाचपा, कडेला खाच लागत असेल तर नको.

हँडल स्क्रूने थेट गिअरमध्ये बसणारं असेल तर उत्तम. आरपार षटकोनी दांडी असलेल्या हँडलला बहुधा हेलकावा असतो, आणि हलक्या गळाला माशाची चाहूल हातात लागायची तर तो हेलकावा नको. स्पूल अॅल्युमिनियमचा घ्या. ताणून भरलेला तंगूस आवळत जातो आणि हलका प्लास्टिकचा स्पूल त्याने तडकू शकतो. शिवाय प्लास्टिकची कड दगडाला लागली की खरचटते आणि प्रत्येक फेकीला दोरा तिथेच अडतो.

डोहकर

भरण्याचं पण सांगून ठेवतो, निम्मी भानगड तिथेच होते.

स्पूलवर समजा '०.२०–१५०' लिहिलंय. म्हणजे ०.२० मिमीचा दोरा १५० मीटर मावतो. दुसऱ्या जाडीचं गणित व्यासाच्या वर्गाने करायचं: ०.२० × ०.२० × १५० = ६. हे ६, ०.२५ च्या वर्गाने भागले की ९६ मीटर. ब्रेडेड ०.१२८ मिमीचा, म्हणजे पीई ०.६ (ब्रेडेडच्या जाडीचा जपानी आकडा), १२० मीटर भरायचा असेल तर तो जेमतेम २ घेतो. उरलेल्या ४ साठी खाली ०.२५ चा जुना तंगूस ६४ मीटर भरा. हे अस्तर घातलं नाही तर ब्रेडेड गुळगुळीत स्पूलवर अख्खा फिरतो आणि ड्रॅग लागतच नाही असं वाटत राहतं.

कडेपासून दीड-दोन मिमी मोकळं ठेवा. काठोकाठ भरलात तर दोऱ्याचे झुबके एकदम सुटून गाठी पडतात, कमी भरलात तर कडेला घासून फेक पडते.

भरताना दोरा ओल्या फडक्यातून चिमटीत धरून ताणाने घ्या. वीसेक फेरे झाले की थांबून दोरा सैल सोडा. पिळून वर चढत असेल तर दोऱ्याचं चाक उलटं ठेवा. बेल नेहमी हाताने पाडा, हँडल फिरवून नाही. आणि मासा ड्रॅग ओढत असताना हँडल फिरवू नका: ५:१ च्या रिळात प्रत्येक फेऱ्याला दोऱ्यात पाच पीळ पडतात.

मळीचा गळ

तरीही पीळ पडलाच, तर टोकाला काहीही न बांधता साठ-सत्तर मीटर दोरा प्रवाहात सोडा, पाच मिनिटं तसाच राहू द्या आणि चिमटीत धरून गुंडाळा. पाणीच पीळ काढतं.

रीळजोड

देखभाल थोडकीच आहे. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून ओल्या कापडाने पुसा, म्हणजे पाणी वॉशरपर्यंत जात नाही. सुकल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, दाबून राहिलेले फेल्टचे वॉशर चपटे होतात. रोलरला, बेलच्या बिजागरीला आणि मुठीला एकेक थेंब तेल. आतल्या एकदिशा बेअरिंगमध्ये तेल-ग्रीस जाऊ देऊ नका. ते निसटायला लागलं की हूक मारताना हँडल उलटं फिरतं.

आणि कोयनेत उतरताना आधी विसर्गाची बातमी बघा. पायथा वीजगृहातून पाणी सोडलं की पावसाचा थेंब नसतानाही पात्र चढतं. कातळावर बसला असाल तर मागे परत जायची वाट आधी बघून ठेवा.