मदत हवी आहे: फिल्टर कॉफी आणि व्ही६०, दोन्हीला चालेल असा बर ग्राइंडर

नमस्कार मंडळी,

घरी कॉफीच्या बिया दळायला बर ग्राइंडर (पात्याऐवजी दोन दातेरी भागांमध्ये बिया भरडणारा) घ्यायचा आहे. बरंच वाचलं, व्हिडिओ पाहिले, पण त्यातला बहुतेक मजकूर एस्प्रेसो करणाऱ्यांसाठी आहे. आमच्याकडे एस्प्रेसो मशीन नाही आणि घ्यायचंही नाही, म्हणून इथे विचारते.

सासूबाई मूळच्या धारवाडच्या. पहाटे साडेपाचला त्यांचा पितळी फिल्टर लागतो. पावडर माटुंग्याहून येते, ८०:२०, म्हणजे वीस टक्के चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळी). दुकानदार समोर दळून देतो तेव्हा पिशवीचा वास ट्रेनच्या डब्यात पसरतो, पण पंधरा दिवसांत तो वास पार उतरतो. डोंबिवलीच्या पावसाळ्यात तर त्याही आधी. सासूबाई तक्रार करत नाहीत, नुसती पावडर अर्धा चमचा जास्त घालतात. मला त्यांना ताज्या दळलेल्या कॉफीचं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा दाट अर्क, द्यायचं आहे. सगळा खटाटोप मुख्यतः त्यासाठी.

दुसरीकडे नवऱ्याला व्ही६०ची, म्हणजे शंकूसारख्या गाळणीत कागद लावून वरून गरम पाणी ओतून केलेल्या कॉफीची, गोडी लागली आहे. चिकमगळूरच्या मध्यम भाजलेल्या बिया मागवतो आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवतो. एकदा ते दळण चाळून पाहिलं: खाली पीठ, वर अर्ध्या बीएवढे तुकडे. पिठातून कडवटपणा उतरतो, तुकड्यांतून आंबट पाणचटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतं. बिया इतक्या चांगल्या असताना वाईट वाटतं.

अडचण अशी की सासूबाईंच्या उजव्या मनगटाला संधिवात आहे. हाताने फिरवायचा ग्राइंडर त्यांना जमणार नाही, आणि पहाटे कुणाला उठवणं त्यांना आवडत नाही. विजेवरचा घ्यावा तर वन बीएचकेमध्ये साडेपाचला त्याचा आवाज होणार, मुलीची दहावी आहे. बजेट साधारण बारा-पंधरा हजार, फारच फरक पडत असेल तर थोडं वर. नणंद दिवाळीत न्यू जर्सीहून येते आहे, ती तिथून आणायला तयार आहे. आणावा का? आणि बर कोनिकल (शंकूसारखा) की फ्लॅट (सपाट), सिरॅमिक की स्टील, यातलं आमच्यासारख्यांना खरोखर काय महत्त्वाचं?

प्रतिसाद

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमच्या वापराला कोनिकल, पोलादी बर. फ्लॅट बरचे चांगले ग्राइंडर तुमच्या बजेटच्या बरेच वर जातात. त्यातही फेलो ओडसारखा ग्राइंडर एस्प्रेसोइतकं बारीक दळण्यासाठी बनवलेलाच नाही, आणि फिल्टर कॉफीला बारीक बाजूलाच जावं लागतं. सिरॅमिक बर वाईट नसतात, पण स्वस्त हँड ग्राइंडरमध्ये त्यांचा दांडा नीट धरलेला नसतो. जाडसर सेटिंगला बर डुगडुगतो आणि पुन्हा पीठ-तुकडे सुरू. दुकानात हातात घेऊन पाहता आला तर आतला बर बोटाने हलवून बघा. आडवा हलत असेल तर घेऊ नका. बरच्या मालापेक्षा तो किती घट्ट आणि मधोमध बसलाय, याला मी जास्त किंमत देईन.

अमेरिकेतून विजेवरचा अजिबात आणू नका. तिथला १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३० व्होल्ट. थेट लावलात तर मोटार जाईल, ट्रान्सफॉर्मर लावलात तर ओट्यावर आणखी एक धूड, आणि वॉरंटीचा इथे उपयोग नाही. नणंदेला आणायचंच असेल तर हाताचा सांगा, त्याला व्होल्टेजची भानगड नाही. टाइममोर, वनझेडप्रेसो, किंगग्राइंडर ही नावं बघा.

विजेवरच्यात बाराट्झा एन्कोर माझ्याकडे आहे. ४० मिमीचे कोनिकल बर, दळणाच्या जाडीच्या ४० पायऱ्या (आकडा लहान तितकं दळण बारीक). व्ही६०ला मी पंधराच्या आसपास ठेवतो, फिल्टरला बरंच खाली. सुटे भाग मिळतात, बर बदलता येतात, उघडून साफ करता येतो. तुमच्या बजेटच्या वर जाईल, पण रोज दोन प्रकारचं दळण काढणाऱ्या घरात तो खर्च मला योग्य वाटतो. एक सवय लावून घ्या: जाडवरून बारीकवर जाताना मोटार चालू ठेवूनच फिरवायचं, नाहीतर बरमध्ये अडकलेले कण दाबले जातात. आणि सेटिंग बदललं की आधीचं थोडं दळण आत राहिलेलं असतं, तेव्हा पहिल्या चारपाच बिया दळून टाकून द्या.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. फिल्टरबद्दल थोडं, कारण आमच्या बेंगळुरूच्या घरी हेच झालं होतं.

चिकोरी पाणी धरून ठेवते, म्हणून ८०:२०चं डिकॉक्शन थेंबथेंब पडतं. तुम्ही घरी नुसत्या बिया दळून त्याच जाडीला फिल्टर लावलात तर पाणी भसकन खाली येईल, डिकॉक्शन पातळ होईल आणि दोष ग्राइंडरवर जाईल. नुसती कॉफी असेल तर दळण अजून बारीक हवं. मात्र पिठाइतकं नको, मग फिल्टर तुंबतो. बोटांत चोळल्यावर बारीक रव्याहून थोडी मऊ लागली की थांबा. चिकोरी हवीच असेल तर दळलेली वेगळी आणा आणि दळून झाल्यावर मिसळा. ग्राइंडरमध्ये घालू नका, चिकटते. साफ करायला कच्चा तांदूळही नको, बर आणि मोटार दोन्हीवर ताण येतो. ब्रश पुरे.

पहाटेच्या आवाजाला सोपा उपाय आहे. रात्री जेवणं झाली की सासूबाईंच्या वाटणीचं दळून घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डबीत ठेवा. पंधरा दिवसांच्या पावडरीपुढे नऊ तासांची पावडर म्हणजे ताजीच.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. १२० व्होल्टचा मुद्दा कळला, नणंदेला आजच कळवते. रात्री दळून ठेवायचं मला सुचलंच नव्हतं.

आता वेगळाच विचार मनात आला. रात्रीच दळायचं असेल तर ते मी किंवा नवरा करू शकतो, म्हणजे सासूबाईंच्या मनगटाचा प्रश्नच उरत नाही. मग नणंदेकडून एक चांगला हाताचा मागवला तर? फिल्टरसाठी एका वेळी साधारण तीस ग्रॅम लागते. रोज हाताने जमेल का?

प्रतिसाद

जमेल, पण तीस ग्रॅम बऱ्याच हँड ग्राइंडरमध्ये एका वेळी मावत नाही. टाइममोर सी२ साधारण वीस-पंचवीस ग्रॅमचा आहे, म्हणजे दोनदा भरावा लागेल. फिल्टरच्या बियांची भाजणी गडद असते, त्या ठिसूळ असल्यामुळे हाताला हलक्या जातात. जोर लागतो तो फिकट भाजलेल्या बियांना. एका पायरीला दळण किती बदलतं तेही पाहा. किंगग्राइंडर के६मध्ये पायरीला १६ मायक्रॉन, त्यामुळे फिल्टरची नेमकी जागा सापडते.

तरी एक विचारू? सासूबाई इतकी वर्षं स्वतःची कॉफी स्वतः करतात. पाहुणे आले, दुपारी अचानक कॉफी हवी झाली, तुम्ही दोघं ऑफिसात, तर त्यांनी काय करायचं? बटण दाबून त्यांना दळता येईल असा विजेवरचा इथे घ्या, थोडे पैसे साठवून घ्या. तोवर माटुंग्याहून एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच आणा.