गाडीसाठी परवडणारं जीपीएस युनिट कोणतं घ्यावं? वापरलेल्यांनी अनुभव सांगा

बाबांसाठी गाडीत लावायला एक साधं, परवडणारं जीपीएस युनिट घ्यायचंय. फोनवर सगळं दिसतं की, असं घरातल्या प्रत्येकाने मला सांगून झालंय, पण बाबांना चालत्या गाडीत फोन नकोच असतो, मध्येच कॉल आला की नकाशा जातो आणि ते गडबडतात, आणि बऱ्याचदा ते एकटेच लांब निघतात त्यामुळे मला त्यांच्यासमोर असं काहीतरी हवंय जे फक्त रस्ता सांगेल आणि दुसरं काहीच करणार नाही.

गेले पंधरा दिवस शोधतेय, आणि खोक्यावरचं वाचून काही म्हणजे काही ठरवता येत नाहीये, सगळ्यांवर तेच, मोठी स्क्रीन, लाइफटाइम मॅप्स, ब्लूटूथ. एक गैरसमज माझा स्वतःचा होता तो सांगून टाकते म्हणजे अजून कोणाचा असेल तर जाईल. मला वाटायचं जीपीएसला इंटरनेट लागतंच. तर तसं नाहीये. युनिट फक्त ऐकतं, वर काहीच पाठवत नाही. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे सिग्नल येत असतात, त्यातले निदान ४ नीट मिळाले की आपण कुठे आहोत ते त्याला कळतं, आणि त्याचं कुठलंही महिन्याचं भाडं नसतं. नेट लागतं ते नकाशे उतरवायला आणि लाइव्ह ट्रॅफिकला. म्हणजे जागा शोधणं स्वस्तातल्या युनिटलाही जमतं, मग पैसे नक्की कशाचे मोजायचे? ज्यांनी स्वतः महिनोन्‌महिने वापरलंय त्यांनी सांगा, चांगलं-वाईट दोन्ही.

*

पैसे नकाशाचे मोजायचे. हे मी अनुभवाने सांगतोय कारण मी सेकंडहँड युनिट घेतलं होतं, दिसायला अगदी नवं, स्क्रीनवर ओरखडा नाही, चार्जर-होल्डर सगळं सोबत, आणि इतकं स्वस्त की मी नकाशा कधीचा आहे हे बघितलंच नाही. घरी येऊन सेटिंगमध्ये गेलो तर नकाशा सात वर्षांपूर्वीचा. अपडेट करायला गेलो तर त्या मॉडेलला फुकट अपडेट नव्हतं आणि एकदाच्या अपडेटची किंमत मी युनिटला दिलेल्या पैशांपेक्षा जास्त. तसंच वापरलं काही महिने. जिथे नवीन बायपास झालाय तिथे माझी गाडी स्क्रीनवर शेतातून जाताना दिसायची आणि ते बिचारं सारखं मागे वळायला सांगत राहायचं, आणि वन-वे बदललेल्या चौकात तर सरळ उलट्या बाजूने घालत होतं, तिथे मी स्वतः पाटी बघितली म्हणून ठीक.

लाइफटाइम मॅप्सबद्दलही नीट वाचून घ्या. ते लाइफटाइम तुमचं नाही, युनिटचं असतं, म्हणजे कंपनी त्या मॉडेलला सपोर्ट देते तोपर्यंत. त्यामुळे जुनं मॉडेल घ्यायला माझी हरकत नाही पण घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर जाऊन त्या मॉडेल नंबरला आजही अपडेट मिळतंय का ते बघा. आणि जागा बघा आतली. नकाशे दर वेळी फुगत जातात, जुन्या युनिटच्या मेमरीत पूर्ण नकाशा मावत नाही, मग मायक्रो एसडी कार्डचा खाचा असला तर वाचलात, नसला तर नकाशाचा थोडाच भाग टाकून चालवावं लागतं.

*

सेकंडहँडवरून आठवलं, जुन्या युनिटची तारीखसुद्धा तपासा. जीपीएसच्या सिग्नलमध्ये आठवड्याचा आकडा १० बिटांत येतो, म्हणजे १०२४ आठवडे झाले की तो परत शून्यावर जातो. असं आधी ऑगस्ट १९९९ मध्ये झालं आणि नंतर एप्रिल २०१९ मध्ये. ज्या युनिटचं सॉफ्टवेअर याच्यासाठी तयार नव्हतं ती साडेएकोणीस वर्षं मागची तारीख दाखवायला लागतात. माझ्या काकांकडे तसंच एक होतं, रस्ता बरोबर दाखवायचं पण पोचायची वेळ भलतीच, आणि दिवस-रात्रीचा रंग आपोआप बदलायचा तो भरदुपारी काळा व्हायचा. कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट टाकल्यावर सुटलं. विकणाऱ्यासमोर उघड्यावर युनिट चालू करा, सिग्नल येऊ द्या, मग तारीख बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

*

मी वेगळं सांगते, माझं ते बिननावाचं ७ इंची होतं, ऑनलाइन जे ढिगाने दिसतात त्यातलं. आत विंडोज सीई असतं आणि नकाशाचा प्रोग्रॅम कार्डवर टाकून दिलेला असतो. पहिले तीन महिने मी खूश होते, स्क्रीन मोठी, आवाज मोठा, किंमत निम्म्याहून कमी. मग एकदा कार्ड खराब झालं. आणि तेव्हा लक्षात आलं की हा नकाशा कोणाचा, त्याचं लायसन्स आहे का, परत कुठून उतरवायचा, कशाचाच पत्ता नाही. विकणाऱ्याने उत्तरच दिलं नाही. ते युनिट बिघडलेलं नाही, आजही चालू होतं, उपग्रह दिसतात, पण दाखवायला नकाशाच नाही. स्वस्तातलं घ्या पण ज्याचा नकाशा कुठून येतो हे माहीत आहे असंच घ्या, मग ते गार्मिन असो, टॉमटॉम असो नाहीतर दुसरं कोणी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

*

स्क्रीन ७ इंचीच हवी असं काही नाही. मी ५ इंची वापरतो आणि पुरते. त्यापेक्षा उन्हात वाचता येते का ते बघा, आणि रस्त्याचं नाव बोलून सांगतं का ते बघा. नुसतं "पुढे डावीकडे" आणि रस्त्याच्या नावासकट "डावीकडे" यात फार फरक पडतो, विशेषतः जिथे पन्नास-पन्नास मीटरवर दोन डाव्या गल्ल्या असतात. कुठल्या लेनमध्ये राहायचं ते दाखवणारं मिळालं तर जास्त पैसे गेले तरी चालतील.

*

आमच्याकडे भलताच प्रॉब्लेम होता जो कोणी सांगत नाही. युनिट नवं, नकाशा नवा, पण गाडीत बसलं की सिग्नल शोधतच राहायचं आणि बाहेर हातात धरलं की लगेच यायचा. मी ते युनिट एकदा बदलूनही घेतलं, तरी तेच. शेवटी कळलं की आमच्या गाडीच्या पुढच्या काचेला ऊन अडवणारा धातूचा पातळ थर आहे, आणि जीपीएसचा सिग्नल मुळात इतका क्षीण असतो की असा थर त्याला पुरतो. अशा बऱ्याच काचांना आरशाच्या मागे थोडी जागा मोकळी सोडलेली असते, बारीक ठिपके असतात तिथे, टोलच्या टॅगसाठी वगैरे. तिथे जवळ लावल्यावर चालायला लागलं, पण मग स्क्रीन इतकी वर गेली की मान उचलून बघावं लागतं, ते काही बरोबर नाही. तुमच्या बाबांच्या गाडीची काच कुठली आहे ते आधी बघून घ्या, नाहीतर बाहेरचा अँटेना लावता येणारं मॉडेल शोधावं लागेल.

*

हे फार उपयोगी सांगितलंत, काचेचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. उद्याच बघते. अजून एक विचारायचंय, बाबा महिना-महिना गाडी बाहेर काढत नाहीत. इतके दिवस बंद ठेवलं तर चालतं ना?

*

चालतं, पण बाबांना सांगून ठेवा की महिन्याने चालू केल्यावर लगेच जागा सापडणार नाही. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची अचूक माहिती पाठवत असतो, ती घ्यायला सिग्नल चांगला असेल तर अर्धा मिनिट लागतं आणि ती माहिती काही तासच ताजी राहते. शिवाय सगळ्या उपग्रहांची मिळून एक ढोबळ यादी असते ती पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. बरेच दिवस बंद राहिलं की हे सगळं त्याला परत गोळा करावं लागतं. माझे सासरे चालू करून लगेच गाडी काढायचे, तळघरातल्या पार्किंगमधून, आणि वळणावर वळणं घेत "हे बिघडलं" म्हणायचे. आता ते आधी उघड्यावर गाडी उभी करतात, चालू करतात, पत्ता टाकतात, सीटबेल्ट लावतात, तोवर सिग्नल आलेला असतो.

बॅटरीचं मात्र लक्षात ठेवा. या युनिटांची बॅटरी लहान असते, नवी असतानाही तास-दोन तासच, आणि उन्हात बंद गाडीत काचेवर ठेवून दिली की लवकर मरते. उतरताना काढून घ्यायची सवय लावा. काचेवरचा गोल डागही पुसा, त्या डागावरून चोराला कळतं की आत काहीतरी आहे.

आणि चार्जरची वायर बदलायची असेल तर थांबा. ट्रॅफिकची माहिती एफएमवरून घेणाऱ्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत त्याचा रिसीव्हर वायरमध्येच असतो. मी मूळची वायर हरवली, दुसरी साधी लावली, चार्जिंग होत होतं म्हणून मला वाटलं झालं काम, आणि वर्षभर मला ट्रॅफिक का दिसत नाही हेच कळलं नाही.

*

मला थोडं वेगळं म्हणायचंय, रागावू नका. युनिट विकतच घ्यायला हवं का? आमच्याकडे एक जुना फोन पडून होता, सिम काढलेला. त्यात ऑर्गॅनिक मॅप्स टाकलं, ऑसमँडही चालतं, दोन्हींत ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवता येतात, नेट लागत नाही आणि सिमच नाही म्हणून कॉलही येत नाही. म्हणजे बाबांची जी अडचण आहे ती तिथेच सुटते. खर्च फक्त होल्डरचा. आईच्या गाडीत दीड वर्षं हेच आहे.

त्रास काय झाला तेही सांगतो. सिम नसलं की फोनला उपग्रहांची माहिती नेटवरून आयती मिळत नाही, त्यामुळे पहिल्यांदा जागा सापडायला युनिटसारखाच वेळ लागतो. लाइव्ह ट्रॅफिक नाही. आणि उन्हाळ्यात काचेजवळ चार्जिंगला लावलेला फोन इतका तापतो की स्क्रीन अंधुक करतो नाहीतर बंदच पडतो, ते आम्ही एसीच्या जाळीवर होल्डर लावून सोडवलं. घरांचे नंबर सगळीकडे नसतात त्या नकाशांत, पण गल्लीबोळ आणि पायवाटा पुष्कळ ठिकाणी विकतच्या नकाशांपेक्षा जास्त मिळाल्या मला.

*

यात एक भर, पत्ता सापडत नाही तेव्हा अक्षांश-रेखांश टाकायची वेळ येते, तिथे फॉरमॅट बघा. आम्हाला कोणीतरी ३०.५ अंश असं पाठवलं होतं आणि युनिटचं सेटिंग अंश आणि मिनिटांचं होतं, तर भावाने ३० अंश ५ मिनिटं टाकलं. साडेतीस अंश म्हणजे ३० अंश ३० मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट साधारण १.८५ किलोमीटर, म्हणजे आम्ही ४६ किलोमीटर चुकीच्या जागी जाऊन उभे राहिलो, रात्री, लहान मुलं गाडीत. सेटिंगमध्ये दशांश फॉरमॅट असतो, तोच एकदा करून ठेवा.

"सर्वात जवळचा रस्ता" हे सेटिंगही बंद करा, "सर्वात लवकर"वर ठेवा. जवळचा म्हटलं की ते दोनशे मीटर वाचवायला कुठल्याही कच्च्या गल्लीत घालतं. आणि कोणाची गाडी उंच असेल, मागे कॅरॅव्हॅन असेल, तर साध्या कारच्या युनिटवर विसंबू नका, त्याला पुलाची उंची माहीत नसते. गाडीची उंची-वजन टाकता येणारी युनिटं वेगळी मिळतात, महाग असतात, पण तिथे मी स्वस्त बघणार नाही.

*

घेतलं. सगळ्यांचं वाचून घेतलं म्हणून आधी तुम्हालाच सांगतेय.

काच साधी निघाली. जुन्या फोनचा उपाय मला फार आवडला आणि आधी तोच करून बघितला, पण बाबांना ते छोटं बटण बोटाने सापडेना, दोनदा चुकून नकाशाच बंद झाला, आणि त्यांचा चेहरा बघून मी तो विषय सोडला. मग मागच्या पिढीचं ५ इंची मॉडेल घेतलं, कंपनीनेच तपासून दुरुस्त करून परत विकलेलं, त्याला अजून अपडेट मिळतायत हे आधी बघून. घरी बसून नकाशा टाकला, त्यात दोन तास गेले. मग आम्हाला पाठ असलेले दहा पत्ते शोधून बघितले, नऊ सापडले. दहावा आत्याचा, तो नाहीच सापडला, मग तिच्या दारात गाडी उभी करून तीच जागा सेव्ह केली. आत्तापर्यंत अशा चौदा जागा बाबांनी स्वतः सेव्ह केल्यात, नावं सगळी त्यांनीच टाकलीत.

एक शंका त्यांनी पहिल्याच दिवशी काढली, युनिटवरचा वेग गाडीच्या काट्यापेक्षा कमी का दिसतो. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम असतो त्यामुळे तो थोडा वरच दाखवतो, असं वाचून सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा युनिटवर विश्वास बसला.

परवा ते पहिल्यांदा एकटे घेऊन गेले. मध्ये बोगदा लागतो, त्यात सिग्नल जाईल, घाबरू नका, बाहेर आल्यावर परत येईल, हे मी निघताना तीनदा सांगितलं होतं. पोचल्यावर फोन आला, नेहमी येतो तसाच, पण या वेळी रस्ता विचारायला नव्हता.