लिनक्सवर अँड्रॉइडचा सेटअप: ॲप्टला हातच लावू नये, असं माझं मत

खटपट्या (धागा यांचा)

वाद होणार हे माहीत असूनच लिहितोय. लिनक्सवर अँड्रॉइड डेव्हलपमेंटचा सेटअप करताना एसडीके (ॲप बनवायच्या साधनांचा संच), एडीबी (संगणकावरून फोनशी बोलणारं साधन), जावा, ग्रेडल (कोडमधून ॲप बांधणारं साधन) यांपैकी काहीही डिस्ट्रोच्या (उबुंटू, डेबियन वगैरे) रिपॉझिटरीतून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोठारातून, घेऊ नये. सगळं गूगलकडून घ्यावं आणि आपल्या होम फोल्डरमध्ये ठेवावं. त्या कोठारातून आणणाऱ्या 'ॲप्ट इन्स्टॉल' कमांडची आपल्याला इतकी सवय की हात आपोआप तिकडे जातो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

निमित्त कालचं. मित्राच्या लॅपटॉपवर उबुंटू २०.०४. केबल लावली की टर्मिनलमध्ये फोन दिसायचा. अँड्रॉइड स्टुडिओ उघडला की गायब, मग परत हजर, टर्मिनलमध्ये पुन्हा विचारलं की स्टुडिओतून गायब. पठ्ठ्याने केबल बदलली, पोर्ट बदललं, फोन फॅक्टरी रीसेट करायला निघाला होता. म्हटलं, बाबा रे, स्क्रीनवर काय येतंय ते तर वाच. सारखी एकच ओळ येत होती: सर्व्हरची आवृत्ती ४१, या क्लायंटची ३९, जुळत नाहीत, सर्व्हर बंद करतोय.

मशीनवर एडीबी दोन होते. एक ॲप्टने आणलेला ८.१.०, दुसरा स्टुडिओने एसडीकेबरोबर उतरवलेला. दोघांनाही ५०३७ हेच नेटवर्क-पोर्ट लागतं. ज्याला हाक मारावी तो दुसऱ्याचा सर्व्हर मारून स्वतःचा उभा करतो. ॲप्टचा काढला, एसडीकेतला प्लॅटफॉर्म-टूल्स फोल्डर पाथमध्ये (टर्मिनल कमांड जिथे शोधतं त्या यादीत) घातला, दोन मिनिटांत काम झालं. त्याआधी त्याची अख्खी संध्याकाळ गेली होती.

जुना खेळाडू

एका एडीबीपायी अख्ख्या ॲप्टला फाशी? चूक ॲप्टची नव्हती, दोन्हीकडून घेण्याची होती. तुमच्या मित्राने एसडीकेतला काढून ॲप्टचा ठेवला असता तरी भांडण मिटलंच असतं.

आणि 'काहीही घेऊ नये' म्हणता, तर यूडेव्हच्या, म्हणजे कोणतं उपकरण कुणाला उघडता येईल ते ठरवणाऱ्या, नियमांचं काय? नवीन मशीनला फोन लावला की यादीत नावापुढे 'नो परमिशन्स' येतं. यूएसबीवरचं ते उपकरण साध्या युजरला उघडता येत नाही म्हणून. त्यावर गूगलचंच डॉक्युमेंटेशन उबुंटूवाल्यांना सांगतं की प्लगडेव्ह ग्रुपमध्ये स्वतःला घाला आणि 'अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन' हे पॅकेज ॲप्टने घ्या. म्हणजे गूगल तुम्हाला ॲप्टकडे पाठवतंय आणि तुम्ही आम्हाला गूगलकडे.

हे न केलेले लोक मग सुडो लावून, म्हणजे रूट (सर्वाधिकारी युजर) बनून, एडीबी चालवतात. तो प्रकार फार वाईट. सर्व्हर रूटच्या नावाने उठतो, त्याची किल्ली रूटच्या होममध्ये वेगळी तयार होते, फोन पुन्हा 'या संगणकावर विश्वास ठेवू का' विचारतो. दुसऱ्या दिवशी सुडोशिवाय चालवलं की आणखी एकदा.

खटपट्या

यूडेव्हचं मान्य. त्या पॅकेजमध्ये एडीबी नसतो, नुसते नियम असतात, तेव्हा तेवढी सूट देतो. सुडोबद्दल तर दोन्ही हात वर.

पण 'ॲप्टचा ठेवला असता तरी चाललं असतं' हे नाही पटत. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, केबलशिवाय वायफायवरून पेअर करता येतं. २०.०४ मधल्या त्या एडीबीला पेअर ही कमांडच माहीत नाही. डेबियनच्या रिपॉझिटरीतला एसडीके बघा, त्यातला प्लॅटफॉर्म २३ चा आहे, म्हणजे २०१५ चा अँड्रॉइड ६. गूगल प्लेला ऑगस्ट २०२५ अखेरपासून नव्या ॲपसाठी टार्गेट ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, लागतं. त्या एसडीकेने बनवलेलं ॲप दाखवणार कुणाला?

जुना खेळाडू

एसडीकेचं मी बोललोच नाही. तो ॲप्टने घेणाऱ्याला मीही परत पाठवीन. ग्रेडलही तसंच, रिपॉझिटरीत ४.४.१ वर अडकलेलं असतं आणि अँड्रॉइडच्या ग्रेडल-प्लगिन ८ ला ग्रेडल ८ लागतं. तसंही प्रोजेक्टबरोबर रॅपर येतो, तो हवं ते ग्रेडल स्वतः उतरवतो. ग्रेडल वेगळं बसवायचंच कशाला?

माझा मुद्दा जावाचा आहे. ॲप्टच्या जेडीकेला (जावाच्या डेव्हलपमेंट संचाला) सुरक्षेचे अपडेट आपोआप मिळतात. होममध्ये उघडून ठेवलेली झिप तीन वर्षं तशीच पडलेली असते, हे आपण सगळेच जाणतो.

खटपट्या

जावाने तर सगळ्यात जास्त रडवलंय! उबुंटू २४.०४ वर 'डीफॉल्ट-जेडीके' घेतलं की २१ येतो. प्रोजेक्ट जुना, त्याचं ग्रेडल ८.५ च्या आधीचं. मग बिल्ड म्हणतं 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५'. ६५ म्हणजे जावा २१, हे नवशिक्याला कोण सांगणार? तो बिचारा स्वतःच्या कोडमध्ये ६५ शोधत बसतो. स्टुडिओबरोबर त्याचा स्वतःचा जावा येतो, जावा-होम (जावा कुठे आहे ते सांगणारी सेटिंग) तिकडे वळवा. स्टुडिओ अपडेट झाला की तोही होतो.

जुना खेळाडू

'डीफॉल्ट' का घ्यायचं? १७ नाव घेऊन मागा, ॲप्ट १७ देतं. प्लगिन ८ ची मागणीही १७ चीच आहे. आणि माझ्याकडे स्टुडिओ नाहीच. मी नुसती कमांडलाइन टूल्स वापरतो, मग तो आयता जावा मला कुठून मिळणार?

काळी खिडकी

तुम्ही दोघं भांडा. मी सगळं कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनपासून वेगळ्या बंद डब्यात, टाकलंय. जेडीके, एसडीके, लायसन्सची संमती, सगळं एका डॉकरफाइलमध्ये. फोनसाठी होस्टवरचा (मूळ मशीनवरचा) एडीबी सर्व्हर, कंटेनर होस्टच्याच नेटवर्कवर. मशीन बदललं तरी फरक पडत नाही.

एक मात्र सांगतो. कमांडलाइन टूल्सची झिप उघडली की तिच्यातला 'सीएमडीलाइन-टूल्स' फोल्डर तसाच ठेवून चालत नाही. आतलं सगळं 'लेटेस्ट' नावाच्या उपफोल्डरमध्ये ढकलावं लागतं, नाहीतर एसडीकेमॅनेजर म्हणतो, एसडीके कुठे आहे ते कळत नाही. अरे, तू त्याच्यातच बसलायस!

जुना खेळाडू

@काळी खिडकी, होस्टवरचा एडीबी कुठून घेतलात?

काळी खिडकी

ॲप्ट. :)

निमूट वाचक

पहिल्यांदाच लिहितेय. ८ जीबी रॅम आहे. एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) सुरूच होत नाही, हार्डवेअर ॲक्सिलरेशन पाहिजे म्हणतो. तेही ॲप्टमुळे का?

खटपट्या

नाही हो, ते केव्हीएम, लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय. बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा, मग स्वतःला केव्हीएम ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. लॉगआउट बरेच जण विसरतात आणि ग्रुपच्या नावाने खडे फोडतात. पण ८ जीबी स्टुडिओलाच जेमतेम, एम्युलेटरसकट गूगल १६ सांगतं. फोन असेल तर फोनच लावा.

निमूट वाचक

फोन लावला. दिसतो, जातो, दिसतो, जातो. 'व्हिच'ला 'डॅश ए' लावून एडीबी विचारला तर दोन पत्ते आले, एक यूएसआर-बिनमधला, एक होममधला. तुमच्यापैकी कुणाचा काढू?

जुना खेळाडू

ॲप्टचा. (काढलंत वदवून माझ्याकडून.)

पण थांबा, आधी ते 'कॉमन'वालं पॅकेज त्याच्या नावाने इन्स्टॉल करा. ते एडीबीच्या मागून आपोआप आलेलं असेल तर ऑटोरिमूव्ह करताना तेही जाईल, आणि उद्या 'नो परमिशन्स' घेऊन इथेच याल.