धर्मशाळेची इमारत : भाडेपट्टा, शाकारणी आणि सातबारा

चिटणीस
सर्व सभासदांस नमस्कार. आपली धर्मशाळा आणि तिचे आवार तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेऊन तेथे पर्यटकांसाठी निवास चालवण्याचा एका बाहेरगावच्या व्यावसायिकाचा प्रस्ताव आला आहे. इमारतीची दुरुस्ती ते स्वखर्चाने करतील, दरमहा भाडे देतील आणि गणपती व शिमग्याच्या दिवसांत सभागृह आपल्याला मोकळे ठेवतील, असे त्यांचे म्हणणे आहे. सभेपूर्वी प्रत्येकाने आपले मत आपल्या या संदेशांच्या गटावर लिहावे. या विषयावरील चर्चा संपेपर्यंत सुप्रभातचे संदेश पाठवू नयेत, ही विनंती.

दादा, डोंबिवली
मी प्रस्तावाच्या बाजूने आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने छप्पर नेले, तेव्हा पत्र्यांसाठी मुंबईकरांनीच वर्गणी उभी केली. पुढे भिंतींना ओल आली, पुन्हा वर्गणी झाली, आणि आता मागच्या पाख्याचे वासे वाकल्याचे कळते. वर्षातील बहुतेक दिवस कुलूप असलेल्या वास्तूवर चाकरमान्यांनी किती काळ पैसे घालावेत? दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर पर्यटक येत आहेत, जागा मागणारा स्वतःहून दारात आला आहे, तर त्याला परत पाठवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

खजिनदार काका
दादा, तुमचा त्रागा मला समजतो, कारण वर्गणीसाठी फोन करण्याचे काम माझ्याकडेच असते. परंतु तीस वर्षांचा पट्टा देणे आपल्या हाती नाही. आपला ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला आहे आणि त्याच्या कलम ३६ प्रमाणे विक्री, अदलाबदल, बक्षीस यांना, तसेच इमारत किंवा बिनशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने पट्ट्याने देण्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. सर्व सभासदांनी एकमुखाने ठराव केला तरी त्या परवानगीशिवाय तो पट्टा वैध होत नाही.

परवानगी मागायची म्हटली, तर अर्जावर सह्या कोणी करायच्या येथेच घोडे अडते. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. आपल्याकडे गेल्या तीन कार्यकारिणींचे अर्ज दाखलच झालेले नाहीत, त्यामुळे रत्नागिरीच्या धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकवर, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्यावर, आजही जी नावे आहेत, त्यांतील बहुतेक मंडळी हयात नाहीत. आपण बैठका घेतो, ठराव लिहितो, सह्या करतो. पण धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत विश्वस्त म्हणून आपली नावे अजून लागलेलीच नाहीत. प्रस्ताव चांगला की वाईट, हा प्रश्न यानंतरचा आहे.

दादा, डोंबिवली
काका, मग तीन-तीन वर्षांचे करार करावेत आणि मुदत संपताच नवा करावा. त्याला परवानगीची गरज पडणार नाही.

खजिनदार काका
दर तीन वर्षांनी खरोखर नव्याने विचार होणार असेल, भाडे बदलणार असेल आणि नको वाटल्यास जागा परत घेता येणार असेल, तर तसा करार जरूर करावा. मात्र लाखो रुपये दुरुस्तीत घालणारा माणूस तीन वर्षांच्या भरवशावर ते घालणार नाही. तो हमखास नूतनीकरणाचे कलम मागेल, आणि ते कलम आले की तो नावाने तीन वर्षांचा आणि अर्थाने तीस वर्षांचा पट्टा झाला. अशा कागदावर मी सही करणार नाही. शिवाय आवार किनाऱ्यालगत असल्यामुळे त्यांच्या आराखड्यातील नव्या खोल्यांना सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरील निर्बंधांचे नियम लागतील, याचा त्यांच्या पत्रात उल्लेखही नाही.

अण्णा, खालची आळी
कायद्याचे काकांनी सांगितले. मी इमारतीचे सांगतो, कारण वादळानंतर दर पावसाळ्यात ती आतून पाहणारा मीच आहे. धर्मशाळेच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चुन्यात बांधलेल्या आहेत. चिरा सच्छिद्र असतो. तो पावसाळ्यात पाणी पितो आणि नंतर उन्हात ते सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला ते सोडू देतो. आपण ओल थांबवण्यासाठी मोठ्या हौसेने सिमेंटचा गिलावा केला, त्यामुळे ओल आत कोंडली, खारी हवा होतीच, आणि आता समोरच्या भिंतीवर बोटाने टिचकी मारली तर हातभर पोपडा पोकळ वाजतो. दुसऱ्या वर्गणीचे पैसे असे भिंत बिघडवण्यात गेले, हे कटू असले तरी मान्य करावे.

छपराचेही तसेच. वादळात कौलेही उडाली, हे खरे. परंतु फुटलेले कौल एकटे बदलता येते, पत्र्याची ओळच्या ओळ उचलली जाते. वादळ तोंडावर आलेल्या पावसाआधी झाले, कौले मिळेनात, म्हणून पत्रे घातले. ती तात्पुरती सोय होती, ती कायमची झाली. पत्र्याच्या जोडातून गळणारे थेंब नेमके मागच्या तुळईच्या टोकावर पडतात, तेथे लाकूड कुजले, वाळवी लागली आणि वासे वाकले. पन्हळ नसल्यामुळे पागोळ्यांचे पाणी जोत्याच्या पायाशीच मुरते. जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे याचा परिणाम काय होतो ते ईशान्येच्या कोपऱ्यातील भेगेकडे पाहून कळेल. त्याच भेगेत पिंपळाचे रोप आले आहे. ते वरून तोडून उपयोग नाही, मुळासकट काढून चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्याने भरल्या पाहिजेत.

माझे म्हणणे इतकेच की आपल्या वाडवडिलांच्या काळी दर वैशाखात शाकारणी होत असे. दोन गडी, एक शिडी, शेकडा-दीडशे जुनी कौले, रिपांची डागडुजी आणि पन्हळीतील पाला काढणे, एवढ्यात काम भागे. ते बंद झाले आणि दर काही वर्षांनी ‘मोठी दुरुस्ती’ सुरू झाली. मोठ्या दुरुस्तीला वर्गणी मिळते, कारण तिच्यानंतर नावाचा फलक लागतो; शाकारणीला फलक नसतो. तालुक्यात जुनी घरे पाडून उतरवलेली मंगलोरी कौले विकायला असतात. ती घ्यावीत, पत्रे उतरवावेत आणि मागची तुळई बदलावी.

वहिनी, वरची आळी
अण्णांचे पटले. आवारासंबंधी एक गोष्ट मात्र कोणी लिहिली नाही, म्हणून मी लिहिते. मी मागच्या महिन्यात आवाराचा सातबारा काढला. भोगवटादाराच्या रकान्यात ट्रस्टचे नाव नाही. त्या काळच्या तीन पंचांची नावे व्यक्ती म्हणून लागलेली आहेत. त्यांपैकी एका पंचांच्या पश्चात त्यांच्या वारसांची नोंद झाली असून तो फेरफार मंजूरही झाला आहे. त्या कुटुंबाच्या मनात वाईट असेल असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी आपल्या सर्व जमिनींसाठी एकत्र वारस अर्ज दिला असणार आणि आवाराचा हा जमीन-गट त्यात ओघाने आला असणार. परंतु पुढच्या पिढीत कोणी हिस्सा मागितला तर सातबारा त्यांच्या बाजूने बोलेल.

दुसरे, विहिरीकडील गडगा पूर्वी होता तेथे नाही. शेजारच्या बागेतील कुंपण नवे झाले तेव्हा तो आपल्या बाजूला सरकला. विहिरीचा रहाट आणि गडगा यांमधून पूर्वी बैलगाडी जात असे, आता हातगाडीही अडकते. जुनी मोजणी निघाल्याशिवाय याबद्दल शेजाऱ्यांशी बोलणे म्हणजे निव्वळ भांडण ओढवून घेणे होईल.

खजिनदार काका
वहिनी, हे फार मोलाचे काम झाले. त्या वारसांपैकी थोरले आपल्याच गटात आहेत, त्यांच्याशी मी समक्ष बोलेन. त्यांची संमती असेल तर ट्रस्टची नोंदणी, परिशिष्ट एक आणि मूळ दानपत्र यांच्या प्रती जोडून नोंद दुरुस्त करून घेणे सोपे जाईल. संमती नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावे लागेल. त्यात वर्षे जातात, म्हणून पहिला मार्गच धरावा.

काकू, ठाणे
पैशाचेही पाहू या. आवारातील आंब्याची कलमे दर वर्षी एकाच व्यापाऱ्याला तोंडी बोलीवर दिली जातात आणि माडांचा हिशेब तर मी कधी पाहिलेलाच नाही. कलमांचा उघड लिलाव करून लेखी करार करावा, फांद्या तोडायच्या नाहीत अशी अट घालावी आणि ती रक्कम केवळ शाकारणीसाठी राखून ठेवावी. मग मुंबईकरांकडे फक्त तुळई, कौले आणि गिलावा यांसाठी एकदाच हात पसरावा लागेल. वर्गणी कोणाच्याही गूगल पेवर न घेता ट्रस्टच्या बँक खात्यातच घ्यावी, एवढी अट मी माझ्या पैशांपुरती तरी घालत आहे.

दादा, डोंबिवली
काकूंची अट मला मान्य आहे. सभागृह लग्नकार्याला आणि छोट्या शिबिरांना दिवसाच्या भाड्याने देण्याची सोय होणार असेल, तर भाडेपट्ट्याचा आग्रह मी सोडतो. मात्र कौलांचे काम येत्या पावसाळ्यापूर्वी झाले नाही आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या असे झाले, तर पुढच्या वर्षी हाच प्रस्ताव मी पुन्हा सभेपुढे ठेवीन.

चिटणीस
सर्वांची मते मिळाली. प्रस्ताव देणाऱ्यांना मी कळवतो की विश्वस्तांच्या नोंदी अद्ययावत होईपर्यंत ट्रस्ट दीर्घ मुदतीचा कोणताही करार करू शकत नाही. सभेपुढे तीन विषय राहतील : बदल अर्ज आणि विलंब माफीसाठी वकील नेमणे, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करणे आणि छपराचे काम. काकांनी मूळ दानपत्र शोधून ठेवावे. ते माजी अध्यक्षांच्या घरच्या पेटीत असल्याचे ऐकले आहे. अण्णा, सुतार आणि गवंडी दोघांनाही आणून अंदाजपत्रक लिहून घ्यावे, आणि गवंडी चुन्याचे काम येणारा असावा.

अण्णा, खालची आळी
सुतार रविवारी येतो म्हणाला आहे. चुन्यात काम करणारा गवंडी आता आपल्या गावात कोणी उरलेला नाही. हर्णै किंवा आंजर्ले बाजूला कोणाच्या माहितीत असल्यास आजच कळवावे.