‘पॉप्युलिस्ट’ला ‘लोकानुनयी’ म्हटलं की अर्थ उलटतो का?

बेळगावहून:
वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी युरोपातल्या निवडणुकांवर लिहितेय. एक वाक्य असं होतं: ‘उजव्या लोकानुनयी पक्षांना बायकांची मतं पुरुषांपेक्षा कमी पडतात.’ शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्या नुकत्याच खानापूरहून बसने आल्या होत्या, कर्नाटकातल्या ‘शक्ती’ या बायकांच्या मोफत बस योजनेचं शून्य रुपयांचं तिकीट अजून मुठीत होतं. म्हणाल्या, “उलटं लिवलंस की गं. फुकट बस बायकांना, महिन्याला दोन हजार बायकांना, मग मतं कमी कशी? आणि मी काय तिकिटासाठी मत घालतो काय?”

काकू बरोबर होत्या, माझा शब्द चुकला होता. अनुनय म्हणजे मनधरणी. रुसलेल्याचा अनुनय करतात. त्यामुळे लोकानुनय म्हटलं की आपल्याला इकडची, कर्नाटकातली गृहलक्ष्मी आणि पलीकडची, महाराष्ट्रातली लाडकी बहीण या बायकांना पैसे देणाऱ्या योजना आठवतात. राज्यशास्त्रातला पॉप्युलिझम निराळाच: साधी, सच्ची जनता एकीकडे, तिला लुबाडणारे वरचे लोक दुसरीकडे, आणि जनतेचा खरा आवाज फक्त आम्ही, ही मांडणी. त्यात काही वाटावं लागतंच असं नाही. उजवे पक्ष त्याला स्थलांतरितांचा विरोध जोडतात. मग कोणता शब्द घेऊ?

निपाणीहून:
ताई, ‘लोकरंजनवाद’ही नको, रंजन म्हणजे पुन्हा खूश करणंच. ‘जनवादी’ तर डाव्यांच्या संघटनांनी कधीच घेतलाय. कानडी पेपरांतला ‘जनप्रिय’ही सवलतींच्या बजेटलाच लागतो. मी ‘लोकवादी’ म्हणेन.

आणि वाक्यही थोडं सैल करा. जर्मनीत 2025 च्या निवडणुकीत एएफडी या उजव्या लोकवादी पक्षाला पुरुषांची साधारण 24 टक्के आणि बायकांची 18 टक्के मतं पडली, म्हणजे तिथे फरक स्पष्ट आहे, आणि पक्षाचा चेहरा मात्र आलिस वायडेल ही बाई. फ्रान्समध्ये जाँ-मारी ल पेन यांच्या काळात बायका त्यांच्या ‘नॅशनल फ्रंट’ या उजव्या पक्षापासून लांब होत्या. 2011 मध्ये त्यांची मुलगी मारीन ल पेन पक्षाच्या अध्यक्ष झाल्या, त्यानंतर ते अंतर जवळजवळ मिटलं. सगळ्या देशांना एकच नियम लावता येत नाही.

खानापूरहून:
कारणंही लिहा. कारखान्यातली, अंगमेहनतीची कामं जास्त करून पुरुषांची होती. ती गेली तेव्हा राग तिकडे साचला. बायका शाळा, दवाखाने, सरकारी सेवांत जास्त, त्यांना सरकारी खर्च कमी झालेला परवडत नाही. उघडउघड द्वेषाची भाषाही पुष्कळ बायकांना खटकते. पण नुसतं ‘बायका मवाळ असतात’ असं लिहू नका. ते खोटं आहे, आणि काकूंचा अपमान आहे.

बेळगावहून:
‘लोकवादी’ घेतला, पहिल्यांदा येईल तिथे अर्थही देते. शीर्षकात मी ‘मतदानातला लिंगभेद’ लिहिलं होतं, तेही काढलं. आपल्याकडे लिंगभेद म्हणजे बाई म्हणून मिळणारी वेगळी वागणूक. इथे कुणी कुणाला मत द्यायला अडवलेलं नाही. ‘स्त्री-पुरुषांच्या मतांतली तफावत’ लांब आहे, पण नेमकं तेच म्हणायचंय.

सुधारलेला मसुदा काकूंना पुन्हा वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आमच्याकडं लोकवादी कोण?” तिथे भित्तिपत्रकाचा दुसरा कागद सुरू केला.